दीड मैल आणि सात मैल

१९६० सालच्या फेब्रुवारीतला पहिला रविवार. दुर्गला, स्टेशनाच्या बाजूला, आज ज्या भागाला मोहन नगर म्हणतात तिथल्या एका ओसरीवर मी चोवीस रुपये दिले. लागून असलेल्या दोन खोल्या, दर खोलीला बारा, एका महिन्याचं आगाऊ भाडं. हजर माणसं पाच. घरमालक, जे रेल्वेत गँगमन होते आणि नुकतेच रिटायर झाले होते, त्यांना सगळी गल्ली बाबा म्हणायची. मी. माझी बायको. तिची धाकटी बहीण. आणि त्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझे साडभाऊ.

बाबांनी नोटा कपाळाला लावून बंडीच्या खिशात टाकल्या. साडभाऊ ओसरीच्या काठावर पाय सोडून बसले होते. ते रस्त्याकडे पाहत म्हणाले, "साडभाऊ, या चोवीस रुपयांत रस्ता बी आला का?"

"रस्ता सरकारचा हाय," बाबा म्हणाले. "तो फुकटचा."

"फुकटच्या रस्त्यानंच माणूस मरते, बाबा."

सगळे हसले. मीही हसलो. जागा ठरवण्याचं काम संपलं म्हणून मला हलकं वाटत होतं.

त्या आधीचं सांगतो. मी नागपूरच्या एका कापड गिरणीत पंप चालवायचो. भिलाईला कारखाना उभा राहू लागला तेव्हा तिथल्या पंप हाऊसमध्ये लागलो आणि लवकरच पर्मनंट झालो. पर्मनंट माणसाला टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळे, पण क्वार्टरं बांधून व्हायची होती आणि माझा नंबर फार मागे होता. तोपर्यंत आम्ही कामगारांच्या कॅम्पमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. साडभाऊ भंडाऱ्याकडचे. ते माझ्या मागून आले आणि ठेकेदाराकडे खलाशी म्हणून लागले. खलाशी म्हणजे दोर, साखळ्या आणि कप्प्या लावून लोखंडाचे गर्डर वर चढवणारा माणूस. काम जोखमीचं, पगार रोजंदारीचा आणि नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर. काम संपलं की नावही संपलं.

त्या हिवाळ्यात ठेकेदाराच्या इंजिनिअरने खलाशांना सांगितलं की जुलैमध्ये कारखाना काही खलाशी स्वतःकडे घेणार आहे. यादी ठेकेदार देईल. फेब्रुवारीपासून जूनअखेर ज्याची एकही गैरहजेरी नाही, त्याचंच नाव यादीत जाईल. सुट्टी सोडून एक दिवसही चुकला तर नाही. त्या दिवसापासून साडभाऊंच्या घरातलं प्रत्येक बोलणं जुलैवर येऊन थांबायचं. नाव लागलं की क्वार्टर, क्वार्टर लागलं की नळ आणि वीज. माझी मेव्हणी तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. नळाखाली बादली लावून तिथेच बसून राहीन, असं ती म्हणायची.

त्याच सुमारास आमची शेड पाडायची ठरली. फेब्रुवारी संपायच्या आत दोन्ही घरांना जागा शोधायची होती.

साडभाऊंनी मरोदा पाहून ठेवला होता. तेव्हा ते गावच होतं, मातीच्या घरांचं, मोठ्या तळ्याच्या काठचं. तिथून कारखान्याचं गेट दीड मैल. चालत अर्धा तास. ना गाडी, ना फाटक, ना वाट पाहणं. आम्ही दोघं एका सकाळी गेलो. घरमालक शेतकरी होता, साधा माणूस. त्याने घर दाखवलं, सारवलेलं आणि स्वच्छ. दोन्ही कुटुंबांना पुरेल असं. भाडं दुर्गच्या निम्म्याहून कमी. मग त्याने जात विचारली. साडभाऊ म्हणाले, "बौद्ध." आम्हाला दीक्षा घेऊन चार वर्षंही झाली नव्हती. तो शब्द त्याच्या कानावरून गेलेला नव्हता. त्याने आत कोणाला तरी हाक मारली, आतून कोणीतरी काहीतरी सांगितलं. तो परत आला तेव्हा आवाज चढलेला नव्हता, उलट थोडा अवघडलेला होता.

"घर ले लव, भइया," तो म्हणाला. "कुआँ भर ला छोड़ देव. तरिया त हवय."

म्हणजे घर घ्या, पण विहिरीला हात लावू नका. तळं आहेच.

परतताना साडभाऊ म्हणाले, "चार-पाच महिने तळ्याचं पाणी पिऊ. उकळून पिऊ. जुलैनंतर कोण राहते तथी?"

"उकळायला सरपण कुठून आणता?" मी विचारलं. "आणि बाळंतपण तळ्याच्या पाण्यावर करता?"

"तुमी हिशेबी माणूस. मले सांगा, हजेरी कोनाची जाते? तळ्याची का माही?"

दुर्गचं घर मी शोधलं होतं. बाबा आपल्यापैकीच, रेल्वेतली आपली आणखी घरं त्याच गल्लीत. आत शिरलो तर समोरच्या भिंतीवर आमच्या घरात असायच्या त्याच दोन तसबिरी, बुद्धांची आणि बाबासाहेबांची. जात विचारणारं कोणी नाही. कोपऱ्यावर म्युनिसिपालटीचा नळ. दवाखाना जवळ. पण कारखान्याचं गेट सात मैल. दिवसा पॅसेंजर गाडी मिळे, दुपारी बस किंवा ट्रकही मिळे. पण पहिली पाळी सकाळी सहाला लागायची आणि दुसरी रात्री दहाला सुटायची. पहाटे आणि रात्री त्या रस्त्यावर बसून जायला काहीच मिळत नसे.

इथे मी माझा हिशेब मांडला. एक जुनी सायकल दोघांत घ्यायची. ज्या आठवड्यात एकाची पहिली पाळी आणि दुसऱ्याची दुसरी, त्या आठवड्यात पहिल्याने पहाटे सायकलने जायचं. दुसऱ्याने दुपारच्या गाडीने यायचं. दोनला पाळी बदलताना गेटवर किल्ली हातात द्यायची. पहिला बसने घरी, दुसरा रात्री सायकलने घरी. पहाटे सायकल पुन्हा दारात हजर. पाळी एकच आली तर डबलसीट. मला रात्रपाळी आली तर मी संध्याकाळच्या गाडीने जाईन, सायकल पूर्ण त्यांची. एका रविवारी मी कॅम्पमधून मागून आणलेल्या सायकलने तो रस्ता जाऊन-येऊन पाहिला. एका बाजूचा तासाच्या आत होत होता.

दोघी बहिणींना विचारलं. माझी बायको नळाच्या बाजूची होती. मेव्हणीने नवऱ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे; तिला ती बाई म्हणायची. "बाई जथी, तथी मी," ती म्हणाली. साडभाऊंनी एक विडी पेटवली आणि ती पार संपवली. मग म्हणाले, "ठीक हाय. नळ तर नळ."

सायकल एकशे दहा रुपयांना पडली, पंचावन्न त्यांचे, पंचावन्न माझे. साडभाऊंनी तिचं नाव ठेवलं तिसरा साडभाऊ. पहाटे निघताना ते ओसरीतून मोठ्याने म्हणायचे, "चला, तिसरे साडभाऊ, ड्यूटीवर." मेव्हणी आतून ओरडायची, "आमाले तिसरी बहीणच नाई. हा मेला कोनाचा नवरा?" बाबा त्यांच्या खोलीतून खोकत हसायचे. आमच्या घरात हसू असायचं ते पहाटेच. दिवसा दोघांपैकी एक झोपलेला असे.

हिशेब चालला. पण माणसं झिजली. एप्रिल-मेमध्ये रस्त्याची धूळ घोट्यापर्यंत असायची आणि खडीचे ट्रक दिवे न लावता यायचे. साडभाऊ आठ तास गर्डरवर लोंबकळून यायचे आणि मग सात मैल पाय मारायचे. त्यांच्या गालांची हाडं वर आली. जेवताना हातात घास धरून झोपायचे. माझी बायको एकदा म्हणाली, "ते वरतून पडतील एखाद दिवशी." मी म्हटलं, जूनपर्यंतच तर आहे. जूनमध्ये मुलगी झाली. दवाखान्यात, वेळेवर, दोघी सुखरूप. साडभाऊंनी त्या दिवशीही हजेरी चुकवली नाही. दुपारी गेटवर मला किल्ली देताना म्हणाले, "साडभाऊ, नळाचं तुमचं खरं होतं." एवढं एकदाच म्हणाले.

आता पंप हाऊसची रीत सांगतो. आमच्या पंपांनी भट्टीला थंड ठेवणारं पाणी जायचं. ते पाणी थांबलं तर भट्टी फुटते. म्हणून नियम असा की पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो आला नाही तर पुढची पाळीही तुमची. हा नियम मला माहीत होता, पहिल्या दिवसापासून माहीत होता. दुर्गला येण्याआधी दोनदा मी तशी डबल ड्यूटी केलीही होती. पण तेव्हा मी कॅम्पमध्ये राहत होतो आणि माझ्या उशिराने कोणाचं काही अडत नव्हतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात माझी दुसरी पाळी होती, साडभाऊंची पहिली. महिना संपायला थोडेच दिवस राहिले होते. माझी सुटका करणारा माणूस राजनांदगावचा. त्यानेही जागा हिशेबानेच निवडली होती. तिकडे त्याचं स्वतःचं घर होतं, भाडं नव्हतं, संध्याकाळची पॅसेंजर त्याला वेळेवर पोचवायची. त्या रात्री पॅसेंजर वाटेत कुठेतरी अडकली. दहाला तो आला नाही. मी फोरमनला सांगितलं की माझ्याजवळ सायकल आहे, ती पहाटेच्या आत घरी पोचली पाहिजे. फोरमन वाईट माणूस नव्हता. त्याने फोन फिरवून पाहिले, दुसरा पंपवाला मिळाला नाही. मग म्हणाला, "सायकल के लिए पंप छोड़ेगा?" मी सोडला नाही. सोडण्याचा प्रश्नच नव्हता. दुर्गला निरोप धाडायला कोणी नव्हतं. किल्ली माझ्या खिशात होती आणि सायकल बाहेर स्टँडवर कुलपात.

सकाळी सहाच्या भोंग्यानंतर दुसरा माणूस आला. मी धावत बाहेर निघालो, सायकल सोडवली आणि गेटसमोर आलो. ठेकेदाराच्या माणसांसाठी तिथे हजेरीचं टोकन देणारी खिडकी होती. भोंग्यानंतर थोडा वेळ ती उघडी ठेवत आणि मग फळी लावत. फळी लागलेली होती. तिच्यासमोर साडभाऊ उभे होते. गुडघ्यापर्यंत चिखल, सदरा अंगाला चिकटलेला, छाती वरखाली होत होती.

त्यांनी मला पाहिलं, मग सायकल पाहिली, मग पुन्हा मला. हात पुढे करून माझ्या दंडाला लावला.

"तुमी बरे हाय ना?"

"डबल लागली," मी म्हटलं. "रिलीव्हर आला नाही."

"हं." ते खाली बसले. पायांवरचा चिखल निपटत म्हणाले, "उठलो तं दारात गाडी नाई, तुमी नाई. मले वाटलं ट्रकनं उडवलं. चालत निघालो. दोन ठिकानी पुलाखाली उतरून पाह्यलं. एका जागी काहीतरी पडलेलं दिसलं, म्हटलं तुमीच. पोतं होतं."

ते पुलाखाली उतरले नसते तर खिडकी उघडी मिळाली असती. हे त्यांनी म्हटलं नाही. मी मनात अंतर आणि वेळ मांडून पाहिली आणि मला ते कळलं. त्यांनाही कळलेलं असणार.

मी फळीवर थापा मारल्या. आतून आवाज आला, "कल आना." मी पुन्हा मारल्या. साडभाऊ म्हणाले, "राहू द्या. तो बी नोकरीच करून राहिला."

मग ते उठले आणि सायकलचं हँडल माझ्या हातातून घेतलं. "बसा मागं. रातभर जागे हाय तुमी. मी हाणतो." सात मैल त्यांनी मला मागे बसवून आणलं. वाटेत ते दोन पूल आले. मी खाली पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोरमनकडून चिठ्ठी लिहून घेतली, की अमुक रात्री मला कामावर थांबवून ठेवलं होतं. ती घेऊन ठेकेदाराच्या ऑफिसात गेलो. हजेरीबाबूने ती दोनदा वाचली. तो मराठीच होता, अमरावतीकडचा.

"ही तुमच्या ड्यूटीची चिठ्ठी आहे," तो म्हणाला. "त्यांच्या गैरहजेरीला मी ही कशी लावू?"

"सायकल एकच आहे, बाबूजी. ती माझ्याजवळ राहिली."

"मग दोन घ्यायच्या होत्या."

"तेवढं असतं तर इथं आलो असतो?"

त्याने चिठ्ठी परत केली. "मी खोडलं तर उद्या आणखी दहा जण चिठ्ठ्या घेऊन येतील. तुम्ही कारखान्याचे पर्मनंट आहात म्हणून बसा तरी म्हणालो." मला त्याने खरोखरच खुर्ची दिली होती. साडभाऊ दाराबाहेर उभे होते.

यादी जुलैमध्ये लागली. त्यात त्यांचं नाव नव्हतं. पुढे महिन्याभरात त्या भागातलं गर्डरचं काम संपलं आणि ठेकेदाराने खलाशांचा हिशेब चुकता केला. साडभाऊंना दुसऱ्या ठेकेदाराकडे काम मिळालं, मातीचं आणि खडीचं. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, मुकादम ज्याच्याकडे बोट दाखवेल तो आत. तिथे सहाला नाही, पाचलाच पोचावं लागे. दुर्गहून ते होण्यासारखं नव्हतं.

एका संध्याकाळी त्यांनी सामान बांधलं. मी म्हटलं, सायकल तुम्ही ठेवा, मी काहीतरी करीन.

"मले काहाले? दीड मैल तं हाय," ते म्हणाले. रागाने नाही. "तुमच्या हिशेबानं राहून पाह्यलं, साडभाऊ. आता माह्या हिशेबानं राहतो."

माझी बायको बहिणीला म्हणाली, पोरीला घेऊन तू इथेच राहा, ते एकटे राहतील तिकडे. मेव्हणी म्हणाली, "त्यायले भाकर कोन करून देईन, बाई?" बाबांनी त्यांच्या खोलीचं उरलेल्या दिवसांचं भाडं परत दिलं आणि वर पोरीच्या हातावर एक रुपया ठेवला.

मरोद्याचं ते घर अजून रिकामं होतं. अट तीच होती. विहीर सोडून. पावसाळ्यात तळ्याचं पाणी गढूळ असतं आणि सरपण ओलं. मेव्हणी फडक्यातून गाळायची, जमेल तेव्हा उकळायची. सप्टेंबरमध्ये पोरीला हगवण लागली. साडभाऊ तिला छातीशी धरून पायी टाउनशिपच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे घेतलं, तपासलं, सलाईन लावलं. रोजंदारीचा माणूस म्हणून कोणी अडवलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. पण उशीर झाला होता. ती साडेतीन महिन्यांची होती.

मला निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला. मी आणि बायको सायकलने गेलो. सगळं झालेलं होतं. साडभाऊ दारात बसले होते. ते म्हणाले, "पान्याचं तुमचं खरं निघालं." मी म्हटलं, "अंतराचं तुमचं." यापेक्षा जास्त त्या विषयावर आम्ही दोघं आजपर्यंत बोललेलो नाही.

पुढच्या वर्षी माझा नंबर लागला. सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं, दोन खोल्या, मागे अंगण आणि अंगणात नळ. गेट चालत जाण्याच्या अंतरावर. पहिल्या दिवशी माझ्या बायकोने नळ सोडला, बादली भरली, आणि पाणी बादलीवरून वाहून अंगणात पसरेपर्यंत तो बंद केला नाही. आम्ही त्या दोघांना आमच्याकडे राहायला बोलावलं. साडभाऊ हसून म्हणाले, "पाव्हणे म्हणून येऊ." तसे ते दोनदा आले.

सायकल आता मला नको होती. पंप हाऊसमधल्याच एकाने ती घेतली. जुनी झाली होती, चेन बदललेली होती, तरी सत्तर रुपये आले. साडभाऊंचा वाटा पस्तीस. पण त्यांनी पंचावन्न भरले होते, आणि मोडतोड जेवढी झाली ती माझ्या वाटणीत घालणंच मला बरोबर वाटलं. म्हणून पूर्ण पंचावन्न द्यायचे ठरवले. मी त्यांना दोनदा देऊ केले. दोन्ही वेळा ते म्हणाले, "असू द्या, तिसऱ्या साडभाऊच्या नावानं."

१९६१ च्या नोव्हेंबरमध्ये, एका रविवारी सकाळी, मरोद्याला, त्यांच्या दारात, मी माझ्या मेव्हणीच्या हातात पंचावन्न रुपये दिले. माझी बायको हजर होती. साडभाऊ कामावर गेले होते. तिने नोटा मोजल्या नाहीत, पदराच्या गाठीत बांधल्या, आणि कळशी उचलून तळ्याकडे गेली, कारण आम्हाला चहा करायचा तर घरात पाणी नव्हतं.